डोळे उघडून मिळतील

मुखेडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सोनकांबळे मास्तरांचं घर होतं. दारावर पाटी होती. पाटीवर मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘निवृत्ती सोनकांबळे, चित्रकला शिक्षक’. त्याखाली शाळेचा शिपाई नरसिंग यानं एका रविवारी खडूनं एक ओळ वाढवली, ‘डोळे उघडून मिळतील’. मास्तरांनी ती पुसली नाही. अक्षर वाईट होतं, पण मजकूर खरा होता. आणि खऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही, असं मास्तरांचं एकंदर धोरण होतं.

या ओळीनं घोटाळे व्हायचे. एकदा बाऱ्हाळीकडचा एक म्हातारा सुनेचा हात धरून दारात आला.

“उजव्यात मोतीबिंदू हाय, डाक्टर. डाव्याचं मागून बघू.”

“बाबा, मी जिवंत माणसाचे डोळे उघडत नाही.”

म्हातारा विचारात पडला. “मंग मेल्यावर उघडून काय उपेग?”

“घरच्यांना बरं वाटतं.”

म्हातारा ओट्यावर बसून चहा प्याला. जाताना सुनेला म्हणाला, “सरकारी दवाखाना हाय वाटतं.”

त्याची चूक नव्हती. धंदाच तसा होता. त्या काळी खेड्यातल्या माणसाचा फोटो दोनदा निघायचा, लग्नात आणि मेल्यावर. आणि पुष्कळांचा लग्नातला राहून जायचा. माणूस गेला की कुणीतरी सायकल मारत मुखेडच्या फोटोवाल्याला घेऊन यायचं. लिंगायतांकडं प्रेत बसवायची रीतच आहे, त्यामुळं फोटोवाल्याचे कष्ट वाचायचे. बाकीच्यांना भिंतीला टेकवून, मागून उपरण्यानं बांधून बसवावं लागे. फोटोत सगळं नीट यायचं. रुमाल यायचा, मिशा यायच्या, गळ्यातला हार यायचा. फक्त डोळे मिटलेले. आणि मिटल्या डोळ्यांचा बाप भिंतीवर कसा टांगणार? मग फोटो घेऊन मंडळी मास्तरांकडं येत. “मास्तर, बाकी सगळं झकास आलंय. तेवढे डोळे उघडून द्या.”

मास्तर त्या फोटोवरून तैलचित्र करायचे. हात पक्का होता. हैदराबादला ज्या उस्तादांकडं ते शिकले, त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. “जो दिखता नहीं, वो बनाना नहीं.” मास्तरांनी ती जन्मभर पाळली. कान फोटोत दिसायचा, कान काढायचे. डोळा दिसत नसे. म्हणून डोळ्यासाठी ते घरचं जिवंत माणूस समोर बसवायचे. मुलगा, भाऊ, जो असेल तो.

पण बापाच्या डोळ्यांसाठी मुलांनी बसायचं म्हणजे अवघड काम. एकाला रडू यायचं. दुसरा घड्याळाकडं बघायचा. दोघं भाऊ असले तर दोघंही बसायला यायचे, कारण बापाला थोरल्याचे डोळे बसवले तर उद्या वाटणीत थोरला काय म्हणेल याचा धाकट्याला भरवसा नसायचा. दोन-तीन घरांत भांडणं लागल्यावर मास्तरांनी मुलांचा नाद सोडला. ते स्वैपाकाच्या कोपऱ्याकडं बघून हाक मारू लागले. “अगं, जरा बस.”

तिकडून सिंधुबाई यायच्या. पिठाचे हात पदराला पुसत दारालगतच्या लोखंडी पेटीवर बसायच्या. तिथं उजेड चांगला यायचा.

सिंधुबाईंचे डोळे काही गाण्यात घालण्यासारखे नव्हते. बेताचे होते, पापण्या जराशा जड. पण बाई हलायची नाही. एकदा बसली की नजर एका जागी. मॉडेलला याहून जास्त काही लागत नाही.

“आज कोण झाले मी?” त्या विचारायच्या.

“देगलूरचे सावकार.”

“मिशा हायत?”

“आहेत. झुबकेदार.”

“मग बरं. मागच्या बारीला ते वकील होते, त्यांना काहीच नव्हतं. उघडं-उघडं वाटलं.”

थोड्या वेळानं म्हणायच्या, “झालं का?”

“थोडं राहिलं.”

“तुमचं थोडंच राहिलेलं असतं नेहमी.”

असं करत सिंधुबाई तालुक्यातल्या पुष्कळ घरांत पुष्कळ भिंतींवर चढल्या. पाटलांच्या रुमालाखाली, गुरुजींच्या टोपीखाली, एका ठिकाणी तर फौजदाराच्या. ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी पूर्वी ताक मागितलं होतं, अशाही काही घरांत. कुणी ओळखलं नाही. लोक तसबिरीत बाप बघतात, डोळे बघत नाहीत.

मग लातूर जिल्हा झाला. शेजारी नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पाऊस गेला. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण ज्यांना लावायचा त्यांनी लावला. पाऊस नाही म्हणून कामं निघाली, कामं निघाली म्हणून ठेकेदार निघाले, ठेकेदार निघाले म्हणून लातुरात बंगले निघाले. बंगल्याला हॉल असतो. हॉलला समोरची मोठी भिंत असते. त्या भिंतीवर वडील लागतात. जिल्हा नवा झाला तसे वडीलही नव्यानं करावे लागले. ज्यांनी बापाला जन्मभर गोठ्यात झोपवलं, ते बापाला सोनेरी चौकटीत बसवू लागले. विहिरी आटल्या, बैल बाजारात गेले, आणि सोनकांबळे मास्तरांना मान वर करायला सवड मिळेना.

शाळेतलं चालूच होतं. मास्तर मुलांना माठ काढायला लावायचे. एकदा तपासणीला साहेब आले. फळ्याजवळचा माठ कोरडा ठणठणीत, आणि वर्गभर मुलांनी तो काढलेला.

“माठात पाणी आहे का?” साहेबांनी विचारलं.

“बाहेरून काढलाय साहेब,” मास्तर म्हणाले. “आतलं दिसत नाही.”

साहेबांनी शेऱ्यात ‘पाणीपुरवठा समाधानकारक’ असं लिहिलं.

त्याच उन्हाळ्यात सिंधुबाई गेल्या. टँकर त्यांच्या वस्तीवर शेवटी यायचा, आणि येईलच असं नसायचं. त्या दिवशी आला, दुपारी. सिंधुबाईंनी दोन घागरी भरून आणल्या, एक थेंब न सांडता खाली ठेवल्या, आणि दारातल्या पेटीवर बसल्या. नेहमी बसायच्या तशाच. मास्तर चित्र करत होते. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आज “झालं का?” असं कुणी विचारलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. नरसिंगनं हळूच विचारलं, “फोटोवाल्याला आणू का?” त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मेल्यावरचे फोटो त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

वर्षाच्या पुण्यानुमोदनाची वेळ जवळ आली तशी धर्माबादहून लेक आली. विशाखा तिचं नाव. नवरा तिथं टेलिफोनात होता.

“बाबा, भंतेजी येणार, वंदना होणार, सगळा गोतावळा येणार. बाबासाहेबांशेजारी आईचा फोटो नको का ठेवायला? साऱ्या जगाचे बाप काढलेत तुम्ही. माझी आई काढा.”

“काढतो.”

सिंधुबाईंचा फोटो एकच होता. शाळेच्या स्नेहसंमेलनातला. मास्तर, मुख्याध्यापक, बायका खुर्च्यांवर, मुलं खाली मांडी घालून. फोटो काढताना धुळीची वावटळ आली होती आणि सगळ्या घोळक्यात एकट्या सिंधुबाईंनी डोळे मिटले होते.

मास्तरांनी कॅनव्हास ताणला. भांग काढला, कपाळावरचं गोंदण काढलं, कानाची ओघळलेली पाळी, इरकली लुगड्याचा काठ, सगळं हुबेहूब. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके तसेच राहिले. विशाखाला समोर बसवून पाहिलं. पण पोरीनं डोळे बापाचे घेतले होते. आरशात बघून काढल्यासारखं झालं. मास्तरांनी ते लगेच खरवडून टाकलं. आठवून काढावं म्हणून डोळे मिटून बसले. पांढरा कॅनव्हासच दिसला. जी बाई एवढी वर्षं हाताच्या अंतरावर बसली, तिचे डोळे आठवत नाहीत हे मास्तरांना कुणाला सांगताही येईना. ते नुसते थकून बसून राहायचे.

नरसिंग चौकटी ठोकायला यायचा. एक दिवस तो हातोडी खाली ठेवून म्हणाला, “मास्तर, एवढं काय झुरून राहिले? वहिनींचे डोळे गेलेत कुठं? साऱ्या मुलखात टांगलेत की. जाऊ, बघू, काढून आणू.”

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. शिपाई म्हणून नरसिंग बिनकामाचा होता, पण ही गोष्ट खरी होती.

पहिल्यांदा गेले ते देगलूर रस्त्यावरच्या एका गावी, नागम्माकडं. तिचे मालक गुरुबसप्पा. त्यांचं चित्र हे सिंधुबाईंच्या डोळ्यांचं पहिलं चित्र. नागम्मा घरी एकटीच होती. मुलं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलेली. तिनं दोघांना आत बोलावलं, न विचारता तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. त्या वर्षी एवढं सहसा कुणी करत नव्हतं.

कणगीच्या वर गुरुबसप्पा बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला रुमाल, आणि मिशांच्या वर सिंधुबाई.

“नागम्मा आक्का, हे चित्र आठ दिवस द्याल का? परत आणून टांगतो.”

“न्हाई.”

“खराब नाही करणार.”

“खराब कराल म्हणून न्हाई. बघायला लागल्यात आता कुठं. आठ दिवस नेलं तर सवय मोडेल.”

मास्तरांना कळलं नाही. नागम्मानं कोपऱ्यातल्या बाजेकडं हात केला.

“आधी माझी बाज हिकडं होती. फोटो आला, वर्षभर बघून राहिले मी. मालक काय माझ्याकडं बघंनात. नजर आपली तिकडं कोपऱ्यात. मंग म्या बाजच तिकडं नेली. तवापासून बघत्यात.” मग म्हणाली, “जिते होते तवा बाज कुठं बी टाका, बघत नव्हते.”

नरसिंग खाली बघून हसला. मास्तर चित्राजवळ गेले. खरंच, नजर डावीकडं होती. काढताना हे लक्षात आलं नव्हतं, कारण काढताना ते डोळा बघत होते, डोळा काय बघतोय ते नाही.

“आन एक सांगू?” नागम्मा म्हणाली. “हे डोळे कुणाचे, मला ठावं हाय.”

मास्तरांनी मागं वळून पाहिलं.

“त्याच साली मुखेडच्या बाजारात तुमची बायको दिसली. कांदे निवडून राहिली होती. अय्यो, म्या उभीच राहिले. वाटलं, मालक लुगडं नेसून कांदे घ्यायलेत.”

“मग बोलला नाहीत?”

“बोलले असते तर पोरांनी उतरवला असता.” तिनं तांब्या उचलला. “न्यायचं न्हाई. बसून बघा. दिसभर बघा.”

मास्तर बसले. वही काढली, पण जमेना. मुलांनी त्या वेळी ‘बाप जरा जरबेचा दिसू द्या’ म्हणून हट्ट धरला होता आणि मास्तरांनी भुवया थोड्या खाली ओढल्या होत्या. त्यावर वर्षानुवर्षांचा उदबत्तीचा धूर. सिंधुबाई आत कुठंतरी होत्या, पण स्पष्ट नव्हत्या.

आणखी दोन-तीन घरं केली. तोवर बातमी पुढं गेली होती. दुष्काळात ज्यानं-त्यानं दिलेलं परत मागायला सुरुवात केली होती, कुणी बियाणं, कुणी बैल. त्यामुळं मास्तर डोळे परत न्यायला निघालेत हे लोकांना सहज पटलं. एका घरी पारूबाई नावाची म्हातारी दोन्ही हात चौकटीला लावून दारातच उभी राहिली.

“एकदा दिलेलं परत न्यायचं न्हाई, मास्तर.”

“नेत नाही. नुसतं बघतो.”

“बघता-बघता नेणारे लई बघितले. सासरा आंधळा व्हायचा आमचा.”

शेवटी लातूर राहिलं. मास्तरांच्या हातून झालेलं सर्वांत चांगलं चित्र लातुरात होतं, अण्णाराव ठेकेदारांच्या बंगल्यात. त्यांचे वडील आप्पासाहेब. त्या चित्राला सिंधुबाई आठवडाभर बसल्या होत्या. भुवया कुणी ओढायला लावल्या नव्हत्या आणि बंगल्यात उदबत्ती विजेची होती.

मास्तर आणि नरसिंग एसटीनं गेले. बंगला नव्या कचेऱ्यांच्या बाजूला. आवारात टँकर उभे होते. एकाची तोटी गळत होती आणि खाली एक कुत्रं निवांत पाणी पीत होतं. आजूबाजूला त्याला हाकलणारं कुणी नव्हतं. लातुरात त्या उन्हाळ्यात एवढी श्रीमंती दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला लाभली नसेल.

अण्णारावांनी स्वागत केलं. “या मास्तर, या. तुमच्या कामानं नाव काढलं आमचं. मागं मंत्री आले होते. इथं, या जागी थांबले. म्हणाले, अण्णाराव, वडिलांच्या डोळ्यांत काय करुणा आहे हो! गरिबांसाठी जीव तुटत असेल त्यांचा.”

जिवंतपणी आप्पासाहेबांचा जीव कशासाठी तुटायचा हे त्यांच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते गाव त्याच जिल्ह्यात असलं तरी बंगल्यापासून दूर होतं.

मास्तर चित्रासमोर उभे राहिले. सिंधुबाई होत्या. जड पापण्या, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातली ती बारीक सुरकुती, सगळं. मास्तरांना खुर्ची दिलेली होती. तिच्याकडं त्यांचं लक्ष गेलं नाही.

“बघा, बघा,” अण्णाराव खूश झाले. “येणारा प्रत्येक माणूस डोळ्यांपाशीच थांबतो.”

“थांबणारच की,” नरसिंग भारावून म्हणाला. “आमच्या वहिनी होत्याच तशा.”

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

“कोण वहिनी?” अण्णारावांनी विचारलं.

नरसिंगनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर खोटं बोलत नसत. थकलेले असले की तर मुळीच नाही.

“आमच्या घरच्या,” ते म्हणाले. “डोळ्यांना त्या बसल्या होत्या.”

“तुमच्या घरच्या. म्हणजे सोनकांबळे.”

“हो.”

अण्णारावांचा हात चित्राच्या चौकटीवर होता. तो त्यांनी खाली घेतला आणि कुठं ठेवावा हे न कळून खिशात घातला.

“म्हणजे आम्ही रोज सकाळी… हार… मंत्री…” एकही वाक्य पुरं होईना. “मास्तर, सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, चांगले घाला.”

“माझ्या बापाला… बाईचे डोळे!” बाईच्या आधीचा शब्द त्यांनी गिळला, मंत्री येऊ लागल्यापासून त्यांना ती सवय लागली होती. “उतरवा. आत्ता उतरवा. बदलून आणा.”

“कुणाचे घालू?”

“कुणाचे बी घाला.” मग घाईनं, “म्हणजे, कुणाचे बी नका घालू.”

“तुम्ही बसा मग. मुलाचे चांगले बसतात.”

अण्णाराव क्षणभर बसले. मास्तरांनी त्यांच्या डोळ्यांत सवयीनं निरखून पाहिलं. अण्णाराव चुळबुळले. आवारात टँकर सुरू झाला तसे ते उठलेच.

“माझे नकोत,” ते म्हणाले. “ओळखू येतील.”

अशा रीतीनं मास्तर जे मागायला गेले होते ते त्यांच्या अंगावर फेकून मिळालं. आप्पासाहेबांना चादरीत गुंडाळून दोघं स्टँडवर आले. एसटीत गर्दी होती. अहमदपूरच्या पुढं चादर घसरली आणि हारासकट आप्पासाहेब उघडे झाले. शेजारच्या बाईनं आधी हात जोडले, मग उठून जागा दिली.

“बसवा त्यांना. म्हातारं माणूस.”

कंडक्टर आला. “हे कोण?”

“डोळे आमच्या वहिनीचे,” नरसिंग म्हणाला, “बाकी आप्पासाहेब.”

कंडक्टरनं थोडा विचार केला आणि दोघांचंही तिकीट फाडलं नाही.

घरी मास्तरांनी चित्र पेटीवर टेकवून ठेवलं, जिथं सिंधुबाई बसायच्या बरोबर तिथं. शेजारी त्यांचं अपुरं चित्र. ब्रश घेतला. डावा डोळा सुरू केला. बुबुळ मधोमध बसेना. आप्पासाहेबांचं बुबुळ कोपऱ्याला होतं. उजवंही तसंच. नागम्माची बाज आठवली. ही बाई बघायची तरी कुणीकडं?

मास्तर उठले. पेटीपाशी वाकून, आपलं डोकं आप्पासाहेबांच्या डोक्याशी लावून त्यांनी त्या नजरेच्या रेषेत पाहिलं. रेषा मास्तरांच्या स्टुलाच्या बाजूनं सरळ गेली आणि चुलीवर थांबली. चुलीवर तवा पालथा पडला होता.

नरसिंग आला तेव्हा मास्तर गार चुलीपुढं बसलेले.

“काय शोधून राहिले?”

“नजर.”

“घावली का?”

“भाकरी,” मास्तर म्हणाले. “तव्यावर भाकरी टाकून यायची ती. मी हाक मारायचो, ती टाकून यायची. सगळा वेळ तिचं लक्ष तिकडं. करपते की काय.”

नरसिंगला समजायला वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, “म्हणजे मंत्री म्हणले ती करुणा…”

“एका भाकरीची.”

दोघंही हसले नाहीत. देगलूरचे सावकार, वकील, फौजदार, गुरुबसप्पा, आप्पासाहेब, तालुक्यातले आणि नव्या जिल्ह्यातले सगळे मेलेले कर्ते पुरुष भिंतींवरून सोनकांबळ्यांच्या भाकरीची काळजी करत होते.

“माझ्याकडं बघ, असं कधी म्हणालोच नाही,” मास्तर म्हणाले.

“का म्हणला न्हाई?”

“चित्राला नको होतं.”

नरसिंग गेल्यावर मास्तर पुन्हा बसले. समोरची नजर काढणं अवघड नव्हतं. बुबुळं मधे घ्यायची, झालं; विशाखाला आवडलं असतं, भंतेजींना आवडलं असतं, आणि स्वतः मास्तरांनाही. ब्रश एकदा मधे नेलाही. पण सिंधुबाई समोर बघताना कशा दिसायच्या हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. जे दिसलं नाही ते काढायचं नाही. त्यांनी बुबुळं कोपऱ्याला घेतली. डावीकडं. तव्याकडं. संध्याकाळच्या आत चित्र झालं, आणि या वेळी थोडंसुद्धा राहिलं नाही.

मग आप्पासाहेबांचा प्रश्न होता. मास्तरांनी डोळ्यांना हात लावला नाही. डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा काढला, काचेवर उजेडाची एक तिरीप मारली. नरसिंग ते चित्र लातूरला पोचवून आला.

“काय म्हणाले अण्णाराव?”

“पहिल्यांदा म्हणले, वडील चष्मा लावत नव्हते. मग लांबून बघितलं. म्हणले, जिल्हा झाल्यावर लावलाच असता. आता आमचे वाटत्यात.” नरसिंगनं टोपी काढून वारा घेतला. “हार घातला बघा लगेच.”

पुण्यानुमोदनाला माणसं बरीच जमली. पाणी ज्यानं-त्यानं आपापलं आणलं होतं. वंदना झाली, भंतेजी थोडं बोलले. विशाखा बराच वेळ चित्रासमोर उभी होती. मास्तर कोपऱ्यात, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे, तिच्या पाठीकडं बघत.

“बाबा, आई तिकडं कुठं बघायलीय?”

“तव्याकडं.”

तिनं वळून चुलीकडं पाहिलं. मग पदर तोंडाला लावून विशाखा म्हणाली, “हाव. अशीच बघायची. शाळेतून आले की मी दारात, आन तिचं लक्ष तव्यावर.” आणि मग थोडी रडली, थोडी हसली, आणि पाहुण्यांना वाढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी लेक धर्माबादच्या गाडीत बसली. मास्तरांनी चित्र टांगायला घेतलं. समोरची मोठी भिंत रिकामी होती. त्यांनी ती सोडली आणि पेटीच्या वर, दारालगत, जिथं उजेड चांगला येतो तिथं खिळा ठोकला. स्टूल उचललं, चुलीपाशी नेलं. मग स्टूल उंच होतं म्हणून बाजूला सारून खालीच बसले.

चूल पेटवली. पीठ मळलं. हैदराबादच्या हातानं भाकरी थापली. ती गोल झाली नाही, साधारण नव्या जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. तव्यावर टाकली, वरून जेमतेम पाण्याचा हात फिरवला, आणि ते विस्तवाकडं बघत बसले. फार दमले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. करपल्याचा वास आला तसं त्यांनी मान वर केली.

सिंधुबाई बघत होत्या.

“हाव, हाव,” मास्तर म्हणाले. “उलटतो.”